फुलावरच्या तुरीचा पयला सौदा

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन सालानं आमच्या रिठदात एका मानसाचा सत्कार झाला. शाल, नारळ, झेंडूचा हार. काहून? तं म्हणे, तूर फुलावर असतानाच तिचा भाव ठरवून टाकायचा अन् माल मंग द्यायचा, हे वायद्याचं काम गावात पयले त्यानं सुरू केलं.

मी चौथी नापास, पण पयलं कोणतं अन् दुसरं कोणतं, एवढं मले कळते. पयला वायदा माझा होता. त्याच्या एक साल आधीचा, वाशिमच्या अडतीवर, ज्या व्यापाऱ्यासंग मंग त्यानं वायदा केला त्याच्याचसंग. त्या वक्ती भाव तोंडानं बोलत नसत. व्यापारी हातावर रुमाल टाके अन् खाली बोटं दाबून सौदा होये. बाजूच्याले पत्ता लागत नसे. माझा सौदा असाच झाला. तूर निघाली तवा बाजारभाव पार कोसळला होता, मले मात्र ठरलेला भाव भेटला. गावात कोणाले सांगितलं नाही. हुशारी काय वाटत फिरायची चीज हाये?

सत्कारवाला माझा शेजारी, बांधाले बांध. त्यानं दुसऱ्या साली व्यापाऱ्यालेच गावात आणलं. मारुतीच्या ओट्यावर बसवलं, रुमाल बाजूले सारला अन् म्हणला, "शेठ, भाव तोंडानं बोल. सगळ्याईले ऐकू जाऊ दे." झालं. त्या साली अर्ध्या गावानं वायदा केला, अन् पयला ठरला तो.

सत्काराले व्यापारीबी आला होता. मांडवाच्या कोपऱ्यात म्या त्याले गाठलं.

"शेठ, पयला कोण? माईकवर सांगून टाक."

तो हसला. "रुमालाखालची गोष्ट मी बापालेबी सांगत नाही, पाटील. अन् कोणाले कळू देऊ नको, हे तुमीच म्हणले होते ना?"

"आता मीच सांग म्हणून राह्यलो!"

"आता कोण खरं मानते?"

तेवढ्यात सरपंचानं शेजारी म्हणून मले दोन शब्द बोलाले उभं केलं. सारं उघडं करायचं ठरवूनच उठलो. समोर पाह्यलं तं सारं गाव त्या हारवाल्याकडं पाहून राह्यलं. माझी बायकोबी. मायच्यान, तोंडातून भलतंच निघालं. म्हणलं, "याच्या बांधावरच्या बाभळीची सावली माझ्या तुरीवर पडते. ती तोडावी." अन् बसलो.

लोक पोट धरून हसले. तोबी हसला. "तोडतो दादा, उद्याच तोडतो." अन् खरंच तोडली. त्याचा तं मले जास्तच राग आला.

पुढच्या साली तूर फुलली, तवा त्यानं मले घरी येऊन बलावलं. "चाला दादा, शेठ आले."

"तू जाय," म्हणलं. "माही तूर अजून माह्याच वावरात हाये."

कापणीनंतर बैलबंडी भरून वाशिमले नेली. भाव पडेल होता. बायको म्हणे, "ओट्यावर गेले असते तं?"

म्या बैलं सोडली अन् त्याईले पाणी पाजाले गेलो.