भट्टीवाली आणि मिलीमीटर

माझ्या आत्याची नोकरी बॅटऱ्या म्हाताऱ्या करण्याची होती. लहानपणी मी हे वर्गात सांगितलं तेव्हा बाईंना वाटलं, मी थापा मारतेय. पण ते अगदी खरं होतं. मोबाइल बनवणाऱ्या एका कंपनीत ती चाचणी विभागात होती. तिच्या खोलीत भिंतीला लागून जाड काचेच्या दारांची लोखंडी कपाटं होती. आत कप्प्याकप्प्यांतून चपट्या चंदेरी बॅटऱ्या, आणि प्रत्येकीला दोन वायरी. कपाट आतून गरम ठेवायचं आणि बॅटरी भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. लोकांच्या खिशात जे व्हायला काही वर्षं लागतात ते आत्याच्या कपाटात काही महिन्यांत व्हायचं. म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं 'भट्टीवाली'. थंडीत सगळं ऑफिस काही ना काही निमित्त काढून तिच्या खोलीत शेकायला यायचं.

"बॅटरी म्हातारी होते म्हणजे नक्की काय होतं गं?" मी एकदा विचारलं होतं.

"आत बारीक कणांची ये-जा चालते. भरताना इकडून तिकडे, वापरताना तिकडून इकडे. दर खेपेला एखाददुसरा वाटेतच अडकून बसतो. असं होत होत कामाचे कमी उरतात. आणि काठोकाठ भरून उकाड्यात ठेवली की हे फार लवकर होतं. माणसालाही रोज गळ्यापर्यंत जेवायला घालून उन्हात बसवलं तर काय होईल?"

वरच्या मजल्यावर फोनचं बाहेरचं रूप ठरवणारा एक उंच, शिडशिडीत गृहस्थ होता. त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी जाडी मोजायचं कॅलिपर असायचं. चहाचा कपही तो मोजून बघतो, अशी अफवा होती. त्याला सगळे 'मिलीमीटर' म्हणायचे. भट्टीवाली आणि मिलीमीटर यांचा छत्तीसचा आकडा आहे हे कंपनीत पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षीचा नवा फोन आजवरचा सगळ्यात सडपातळ करायचा, असं वरून ठरून आलं होतं. बैठकीत आत्यानं पहिल्याच वाक्याला फाटे फोडले.

"बॅटरीभोवती थोडी मोकळी जागा ठेवा. वय झालं की ती जराशी फुगते. जागा नसेल तर स्क्रीन उचलेल."

"मोकळी जागा म्हणजे काय, गिऱ्हाइकाला हवा विकायची?" मिलीमीटर म्हणाला.

"आणि काठोकाठ भरू नका. थोडी कमी भरली तर खूप जास्त टिकेल."

"कमी भरली तर पहिल्याच दिवशी फोन संध्याकाळच्या आत मान टाकेल. दुकानात माणूस पहिला दिवस बघतो हो, तिसरं वर्ष नाही बघत."

"मग मागचं झाकण उघडणारं करा. बॅटरी थकली की ज्याची त्यानं बदलावी."

"झाकण आलं की खाच आली, खटका आला, बॅटरीला कडक कवच आलं. फोन आहे की साबणाची वडी?"

दोघांचंही खरं होतं, आणि तीच तर अडचण होती. विभागप्रमुख बाई कपाळाला हात लावून ऐकत होत्या. शेवटी आत्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं भांडण ऐकून माझीच बॅटरी उतरली. आता एक करा. आठवडाभर यांनी भट्टीतली म्हातारी बॅटरी घातलेला फोन वापरायचा. आणि तुम्हाला हवा तसा, झाकणाचा, मोठ्या बॅटरीचा नमुना हे बनवून देतील, तो तुम्ही वापरायचा. दुसरा फोन जवळ ठेवायचा नाही. मग बोलू."

मिलीमीटर त्या आठवड्यात ऐटीत फिरत होता. फोन दुपारी एकदा भरावा लागायचा, एवढंच. मग एका सकाळी त्याची आई बसनं यायची होती. हवा बोचरी गार होती. स्थानकावर ही गर्दी, पण फोनमध्ये तीस टक्के दिसत होते, म्हणून तो निर्धास्त. आईनं कुणा सहप्रवाशाच्या फोनवरून फोन केला. यानं उचलला, "आई, तू कुठे—" एवढं म्हणेपर्यंत स्क्रीन काळी. म्हातारी बॅटरी थंडीत आणखी आळसावते. एकदम जोर लागला की तिचा धीर सुटतो. टक्के दिसत असतात, पण ऐन वेळी हात वर करते. त्या परक्या माणसाचा नंबर याच्याकडे कुठला असायला! तो प्रत्येक फलाटावर धावला, चौकशीच्या खिडकीत तीनदा डोकावला. आई स्थानकाच्या मागच्या अंगाला पिशवी मांडीवर घेऊन शांत बसली होती. त्याला बघून म्हणाली, "तू फोनच बनवतोस ना रे? की मला काही वेगळं सांगितलं होतंस?"

आत्याचा आठवडाही काही सुखाचा गेला नाही. तिचा हात लहान. तो जाडजूड फोन एका हातात मावेना. पर्सची चेन लागेना. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असली की बोटं अवघडून जायची. तिनं हे सगळं दात-ओठ खाऊन सोसलं. पण शनिवारी ती कपडे भिजवत असताना फोन कमरेच्या खिशातून सटकला, बादलीच्या काठावर आपटला, आणि झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, उरलेला फोन साबणाच्या पाण्यात. माझी आजी मागून म्हणाली, "धुऊन काढलास वाटतं?"

सोमवारी बैठकीत दोघंही भांडायचं सोडून आपापल्या वह्या चाळत बसली. बाईंनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. "काय हो, आज तब्येत बरी आहे ना?"

मिलीमीटरनं घसा साफ केला. "तीस टक्के लिहिलं तर ते तीस असायला हवेत. नाहीतर लिहू नये."

आत्यानं टॉवेलात गुंडाळलेला फोन टेबलावर ठेवला. "मागचं झाकण बंदच असू दे," ती म्हणाली. "पाणी आत जाता कामा नये. पण बॅटरी अशी चिकटवू नका की दुरुस्तीवाल्याला ती खरवडून काढावी लागेल. वाकली तर पेट घेते."

"बॅटरीच्या खाली एक ओढून काढायची पट्टी घातली तर?" तो म्हणाला. "पट्टी ओढली की चिकटा सुटेल, बॅटरी अलगद वर येईल. पट्टीची जाडी... नगण्य आहे."

"तुम्ही 'नगण्य' म्हणालात?" बाई म्हणाल्या. "हे लिहून घ्या रे कुणीतरी."

त्यानंतर तो रोज खाली यायला लागला. दोघं भट्टीपाशी बसून रक्ताचं पाणी करत होती. फोन त्याला हवा होता त्यापेक्षा किंचित जाड झाला, तिला हवा होता त्यापेक्षा बराच बारीक. बॅटरीभोवती थोडी मोकळी जागा राहिली. बॅटरी काठाच्या थोडी खाली भरायची, आणि प्रवासाला निघताना कुणाला काठोकाठ हवी असेल तर तशी सोय ठेवायची. बॅटरी फार थकली तर एकदम बंद पडण्याऐवजी फोननं जरा सावकाश चालावं, असंही ठरलं. इथे आत्या अडून बसली. "सावकाश चालवायचा तर तसं सांगून चालवा. नाहीतर लोकांना वाटेल, नवा घ्यावा म्हणून आपणच याचे पाय बांधले."

विक्रीवाल्यांनी स्क्रीनवरच्या वाक्यावरून घोळ घातला. त्यांना 'जुनी' हा शब्दच नको होता. 'बॅटरीची कार्यक्षमता बदललेली असू शकते' असं त्यांनी लिहून आणलं. मिलीमीटरनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "माझ्या आईला कळेल असं लिहा." शेवटी आत्यानंच लिहिलं: 'बॅटरी जुनी झाली आहे, म्हणून फोन सावकाश चालतो आहे. बॅटरी बदलली की पूर्वीसारखा चालेल.' माझ्या मते आत्यानं आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य.

फोनचं काम संपलं तरी एके दिवशी तो खाली आलाच. आत्या कपाटाचं दार लावत होती.

"आज काय मोजायचंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. बाहेर चहाला येता का, ते विचारायचं होतं."

"नुसता चहा?"

"सुरुवातीला."

असे ते माझे काका झाले. आजीनं लग्नाला होकार देताना एकच अट घातली, जेवताना कॅलिपर बाहेर ठेवायचं.

फोन बाजारात आला तेव्हा कुणी त्याला 'गुटगुटीत' म्हणालं, कुणी 'भरवशाचा'. खपला बेताचाच. पुढच्या वर्षी वरून पुन्हा सडपातळ फोनचा हुकूम आला आणि ती मोकळी जागा गेली. ओढायची पट्टी आणि ते वाक्य मात्र राहिलं. पुढच्या प्रत्येक फोनात राहिलं.

दोघंही आता निवृत्त आहेत. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. काका स्वयंपाकघरात तव्याशी झटत होते, आत्या खिडकीशी पाय पसरून बसली होती. मी विचारलं, "एवढं भांडून मिळवलेलं एका वर्षात काढून टाकलं. वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. दोन दिवस धड जेवले नाही. मग पुन्हा भांडायला गेले," ती म्हणाली. "पुढच्या फोनात अर्धी जागा परत मिळाली. सगळं एकदम पदरात पडत नाही गं, आणि एकदम जातही नाही. शिवाय समोरचा मूर्ख नव्हता. मूर्खाशी भांडण्यात काय मजा?"

"ऐकू येतंय मला," काका आतून म्हणाले.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय. करपतंय बघा तिकडे."

खरंच करपत होतं. आम्ही तिघांनी करपलेली बाजू काढून टाकली आणि उरलेलं चवीनं खाल्लं.