अक्कांची घाई

मोबाईलवर दादांचा नंबर दिसला. ते माझे थोरले दीर. हाकेच्या अंतरावर राहतात, पण जमिनीची वाटणी झाल्यापासून त्यांनी आमच्याकडे कधी फोन केला नव्हता. मी शिकवते त्या ओतूरच्या शाळेत मधली सुट्टी चालली होती, मी व्हरांड्यात जाऊन फोन घेतला. "सुमन, तुजी जाऊ गेली..." एवढंच बोलले. फोन तसाच चालू राहिला, पलीकडून बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. वाटणीनंतर दोघा भावांनी मध्ये बांध घातला, येण्याजाण्याची वाट वेगळी केली, बोलणं तर सोडलंच. विहीर तेवढी सामाईक राहिली आणि विहिरीलगतचा आम्हा जावांचा भाजीचा वाफाही तसाच राहिला, कारण त्याचं काय करायचं हे कुणाला सुचलंच नव्हतं. त्या पहिल्या माघात अक्का वाफ्यावर येऊन उभ्या राहिल्या. "काकडी-गवार लावायची न्हाई व्हय औंदा?" मी घराकडे बघत म्हटलं, "ह्यांना चालेल का पण?" "त्यांचं भांडान जमिनीचं हाय. काकडीचं कुटं हाय?"

तेव्हापासून दर वर्षी आमचा वाद व्हायचा. संक्रांत झाली की अक्कांना धीर निघत नसे. मी म्हणायची, शिवरात्रीपर्यंत थांबू, गारठ्यात बी कुजून जातं. त्या म्हणायच्या, उशीर केला की वेल फुलावर येतो आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला जाते. दोघींचंही खरं होतं, म्हणून वाद मिटतच नसे. "अजून दुलई घेऊन झोपतो आपण," मी म्हणे. "तू झोपतीस. मी कवाच पायाशी लोटली!"

आणि त्या लई वेळा चुकायच्या. एकदा लेक बाळंतपणाला येणार म्हणून त्यांनी संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी सगळा वाफा लावून टाकला. मग थंडी अशी परतली, की एक कोंब वर आला नाही. मी मनात म्हटलं, आता चिडतील. अक्कांनी बोटानं माती उकरली, कुजलेलं बी तळहातावर घेऊन बघितलं आणि हसायलाच लागल्या. "फशिवलं गं थंडीनं! जाऊ दे, परत लावू."

आता वाटतं, तो वाद निव्वळ काकडीचा नव्हताच. थंडी गेली की नाही हे बोलता बोलता दादांचा गुडघा धरलाय, लेकीला दिवस गेलेत, सगळं माझ्या कानावर यायचं. आमचं तिकडे जायचं. संध्याकाळी हे उगीच विचारल्यासारखं विचारायचे, "काय म्हनत व्हती काकडीवाली?" मग मी दादांच्या गुडघ्याचं सांगायची आणि हे मान खाली घालून जेवत राहायचे.

अक्का मार्गशीर्षात गेल्या. सकाळची कामं आटोपून जरा आडव्या झाल्या, त्या झोपेतच. दहाव्याला हे घाटावर मागे उभे राहिले, काकस्पर्श झाल्यावर तसेच परत आले. दोघा भावांत एक शब्द झाला नाही.

संक्रांत गेली, माघ लागला. वाफ्याकडे बघवत नव्हतं. 'थांबू' म्हणायला मला सोपं जायचं, कारण 'लावू' म्हणणारं माणूस समोर असायचं... आता एकटीनं काय ठरवायचं तेच कळेना.

परवा रविवारी सकाळी दादा बांध ओलांडून आमच्या अंगणात आले. हातात बियांचं गाठोडं. "सुमन, तिनं काढून ठेवल्यालं व्हतं... कवा लावायचं?" मी सवयीनं म्हटलं, "गारठा आहे अजून. शिवरात्रीपर्यंत थांबू."

हे ओट्यावर बसले होते. मला वाटलं, उठून आत जातील.

"नको थांबायला, दादा," हे म्हणाले. "वैनी थांबल्या नसत्या."

दादांनी गाठोडं काखेत मारलं. मग म्हणाले, "कुदळ आन मग."

दोघं पुढं-मागं चालत वाफ्याकडे गेले. मी शाल घट्ट लपेटून घेतली आणि पाणी सोडायला निघाले.