किमान अट

आमच्या समोरच्या घरात राहणारे दीनानाथराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. तयार माल मापाला लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर त्यावर तांबडा पट्टा ओढायचा. निवृत्त होऊन विश्रांतवाडीत आले तरी सवय काही सुटली नाही. सोसायटीत नवी लिफ्ट बसली त्या दिवशी हे गृहस्थ तिच्या दारात उभे राहून सूचनांची पाटी वाचत होते, आणि त्यांच्या मागे आम्ही सगळे भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळत.

त्यांची मुलगी कादंबरी कॅनडात असते. तिनं तिकडे घर घेतलं. तिच्या आईला, म्हणजे कुसुमताईंना, ते पाहायचं होतं. पण हृदयाच्या डॉक्टरांनी एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला साफ नकार दिला. फोनवर घर दिसायचं, पण कुसुमताई म्हणायच्या, "दिसतं हो, आत शिरता येत नाही." म्हणून कादंबरीनं घरभर फिरून चहूबाजूंचं चित्रण केलं आणि ते डोळ्यांवर चढवून पाहायचा व्हीआर हेडसेट पाठवून दिला.

तो संगणकाला जोडला, तर पडद्यावर सूचना आली: या संगणकाची क्षमता किमान गरजेपेक्षा कमी आहे. खाली दोन बटणं, 'रद्द करा' आणि 'तरीही पुढे जा'. दीनानाथरावांनी रद्द केलं आणि संगणकाच्या डब्यावर तांबडी चिकटपट्टी लावून टाकली.

"बाबा, ती सूचना सगळ्यांनाच दिसते. पुढे जा दाबायचं आणि मोकळं व्हायचं," कादंबरीनं फोनवर सांगितलं.

"सगळ्यांना दिसते म्हणूनच कुणी वाचत नाही," हे उत्तर.

संगणकाचा दुकानदार म्हणाला, नुसतं चित्राचं कार्ड बदलून भागणार नाही, सगळा संगणकच नवा घ्या. चालतं यंत्र टाकून द्यायला कुसुमताई तयार नाहीत. झालं, हेडसेट खोक्यात.

शेवटी मीच एका सकाळी त्यांच्याकडे गेले आणि चिडून म्हटलं, "अहो, फार तर चित्र अडखळेल!"

"चित्र अडखळलं की चक्कर येते, सोबतच्या कागदावर लिहिलंय. ही पडली तर? वहिनी, कमी पडलेला माल पुढे सोडला की पुढे माणूस असतो."

माझा राग निम्मा उतरला. माणूस हट्टी नव्हता, घाबरलेला होता.

कुसुमताई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या घरची अट होती, मुलगी किमान पदवीधर हवी. मी अकरावी. सासूबाई नको म्हणत होत्या. तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं माप?"

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसलं? मीही सुरुवातीला अडखळतच होते की."

दीनानाथराव उठले, टीपॉय बाजूला सरकवला, हात असलेली खुर्ची आणून भिंतीला टेकवली, कुसुमताईंना तीत बसवलं, हेडसेट संगणकाला जोडून त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि मला म्हणाले, "तुम्ही डावीकडून धरा." उजवीकडून स्वतः धरलं आणि मोकळ्या हातानं 'तरीही पुढे जा' दाबलं.

"अडखळतंय का?"

"अडखळतंय. अडखळू दे, मला कुठे घाई आहे?" कुसुमताईंची मान हळूहळू फिरू लागली. "ओटा फार उंच केलाय हो हिनं. आणि मिसळणाचा डबा गॅसपासून एवढा लांब?" त्यांनी डबा सरकवायला हात पुढे केला आणि स्वतःच हसल्या.

हेडसेटमधून कादंबरीचा बारीक आवाज आला. "आई, ही तुम्हा दोघांची खोली."

कुसुमताईंची फिरणारी मान थांबली. दीनानाथरावांनी घाईनं विचारलं, "काय झालं? चक्कर येतेय? बंद करू?"

"नका करू," त्या म्हणाल्या. "बसलेय जरा लेकीकडे."