सरकेल की कलंडेल

मी वर्गात होते तेव्हा वहिनीचा फोन आला. रोह्याच्या आमच्या डिप्लोमा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी यंत्रशास्त्र शिकवते. तास चालू असताना मी फोन घेत नाही, पण दोनदा वाजला म्हणून बाहेर आले. "जेवून आडवे झाले, ते उठलेच नायत," एवढंच ती म्हणाली. मी पुन्हा वर्गात गेले, अर्धं राहिलेलं समीकरण पूर्ण केलं, मुलांना उत्तर उतरवून घ्यायला सांगितलं आणि मग पेणची एसटी पकडली. असं का केलं ते आजही सांगता येत नाही… दादाला जाऊन आता महिना होऊन गेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, धनाजी. आमचं गाव धरमतर खाडीच्या काठचं, वडील मिठागरात कामाला. दादा दहावीनंतर टेम्पोवर गेला आणि मी शिकले, हे आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं, ते तसं होत गेलं. तो पेणला रामवाडीत राहायला आला आणि तिथल्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती गावोगाव पोहोचवू लागला. बाकीचं वर्षभर विटा, भात, लग्नाची भांडी, काय मिळेल ते. पण त्याचा खरा मोसम श्रावण. मोठी मूर्ती मागे बसली की हा माणूस बदलून जायचा. गाणी बंद, हॉर्न बंद, बोलणंसुद्धा हळू आवाजात, जणू मागे कुणाला झोप लागली आहे! आम्ही हसायचो. वहिनी म्हणायची, "मला कधी इतकं सांभाळून नेलं नाय ओ."

त्याची एक रीत होती. ताज्या रंगाच्या मूर्तीला वर दोरी लावता येत नाही, रंगावर वळ उठतो. म्हणून बांधायचं ते फक्त खालच्या पाटाला, तेही सैल. पाटाखाली भाताच्या पेंढ्याचा जाड थर. मग कारखान्याच्या अंगणातच टेम्पो हातभर पुढे घेऊन तो मुद्दाम ब्रेक मारायचा आणि उतरून मागे बघायचा. मूर्ती पाटासकट दोन बोटं सरकली असेल तर खूश. नसेल सरकली तर पुन्हा पेंढा. मी विचारलं होतं, सरकली तर चांगलं कसं? तो म्हणाला, "थोडं सरकू द्यायचं गो. धरून ठेवला का पडतो."

मला तेव्हा हे अडाणीपणाचं वाटलं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, मी स्वतः डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पुस्तकातलं एक गणित नुकतंच सोडवलं होतं: ट्रकमध्ये खोकं ठेवलंय, ट्रकने ब्रेक मारला, खोकं सरकू नये म्हणून घर्षण किती हवं? घर्षण वाढवा, खोकं सरकत नाही. इतकं सोपं. मी रोह्याच्या भंगारवाल्याकडून जाड रबराची एक पट्टी आणली आणि चतुर्थीच्या चार दिवस आधी दादासमोर टाकली. पेंढा काढ, हे घाल. दादाने रबर हाताने चेपून पाहिलं. त्याला ते आवडलेलं नव्हतं. पण मी शिकलेली, आणि त्याला माझ्या शिकण्याचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान.

पाच फुटी मूर्ती होती, रोह्याजवळच्या एका मंडळाची. अंगणात ब्रेक मारला, मूर्ती तसूभर हलली नाही. मी टाळ्या वाजवल्या. "सरकत नाय गो," दादा म्हणाला. "अरे, तेच तर हवंय," मी म्हणाले.

वडखळ सोडल्यावर पुढे म्हैस आडवी आली. दादाने नेहमीसारखाच ब्रेक लावला, जरासुद्धा जोरात नाही, शेजारी बसलेली मी साक्षीदार आहे. मागे जो आवाज झाला तो मी कधी विसरणार नाही. मूर्ती सोंडेवर पडली होती.

गणितात दोन प्रश्न असतात. वस्तू सरकेल का, हा पहिला. कलंडेल का, हा दुसरा. उंच वस्तूचा पाय घट्ट धरून ठेवला तर ब्रेक लागल्यावर पाय थांबतो, डोकं पुढे जातं. पेंढ्यावर पाट आधी सरकतो, त्यामुळे मूर्तीला कलंडवायला लागेल एवढं बळ तिच्या पायाशी पोहोचतच नाही. मी पहिला प्रश्न सोडवून पुस्तक मिटलं होतं. दुसरा दादा दरवर्षी अंगणात सोडवत होता, दोन बोटांच्या मापाने.

त्याने आधी मला विचारलं, "तुला लागलं नाय ना?" मग रबराची गुंडाळी करून सीटखाली सरकवली, रस्त्यालगतच्या एका घरून पेंढा मागून आणला आणि पाटाखाली भरला. मला कळेना हे आता कशाला. "कुणाला बोलू नको. शिकून असं केलं म्हणतील तुला," तो म्हणाला. भंगलेली मूर्ती आम्ही खाडीत विसर्जित केली. कारखान्याच्या मालकांना, ज्यांना सगळं पेण आबा म्हणतं, दादाने सांगितलं, "माझा ब्रेक जोरात लागला." आबांनी मंडळाला दुसरी, लहान मूर्ती दिली. आरडाओरडा केला नाही. फक्त त्या दिवसानंतर दादाला मोठी मूर्ती कधी दिली नाही. घरगुती मूर्ती, फूट-दीड फुटाच्या, ओळीने लावलेल्या. तो त्याही तितक्याच हळू न्यायचा.

पुढे मी मास्तरीण झाले आणि नेमका हाच धडा माझ्या वाट्याला आला. दरवर्षी शिकवते. एकदा दादा तांदूळ द्यायला कॉलेजात आला आणि दाराशी उभा राहून ऐकत होता. फळ्यावर माझा चौकोनी ट्रक, त्यात चौकोनी खोकं. बाहेर आल्यावर म्हणाला, "खोक्याला सोंड काढायची की!" आणि आपणच हसला. मीही हसले. त्या क्षणी विषय काढता आला असता. काढला नाही. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही, आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं.

दहाव्याला आबा आले. थकलेत आता, काठी घेऊन चालतात. चटईवर बसून म्हणाले, "धनासारखा हात नाय मिळायचा. येकदाच काय तो ब्रेक चुकला त्याचा." बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनीनेसुद्धा. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता… मी आबांना पाणी दिलं आणि आत गेले. माझा भाऊ लोकांच्या आठवणीत उरला तो एका चुकीच्या ब्रेकसकट, आणि ती चूक माझी होती. त्या रात्री मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी मूर्ती पडली तेव्हाही वाटली नव्हती.

गेल्या रविवारी पेणला गेले. आबा कारखान्यात खुर्चीवर बसून एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. आजही डोळे ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रबर, म्हैस, मागाहून भरलेला पेंढा. आबांनी कुंचला खाली ठेवला. मला वाटलं रागावतील, आणि रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"दर साली अंगणात उभा राह्यचा," ते म्हणाले. "मोठी मूर्ती दुसऱ्याच्या गाडीत चढायची, तवा हात लावायला यायचा. तोंडानं कधी मागितलीन नाय. मी बी दिली नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता सांगतेस गो बाय. आता कुणाला देऊ?"

मागणं दादाच्या स्वभावातच नव्हतं. त्याच्यासाठी ती मूर्ती मी मागायला हवी होती, तो अंगणात उभा होता तेव्हा.