शमशोनाच्या विश्वासाची पट्टी

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका गावात लॉनी टॅकेटला लोक टीव्ही दुरुस्त करणारा म्हणून ओळखत. तो स्वतःला मात्र व्हिडिओ गेमचा निर्माता समजे. दुकानाच्या मागच्या खोलीत दोन वर्षं खपून त्याने अंतराळातल्या लढाईचा एक गेम बनवला होता, आणि एकाही कंपनीने त्याला भीक घातली नव्हती.

एक्याण्णव सालच्या वसंतात त्याच्या डोक्यात किडा वळवळला. गावातल्या कडक बाप्टिस्ट पंथाच्या आया आपल्या मुलांना मारामारीचे गेम देत नाहीत, पण बायबलातली मारामारी असेल तर? बायबलात काय मारामाऱ्या कमी आहेत? झालं, अंतराळवीराला लांब केस लावून त्याने बायबलातला बलदंड शमशोन केला. परग्रहावरच्या प्राण्यांना दाढ्या चिकटवून त्याचे शत्रू, म्हणजे पलिष्टी, केलं. शमशोनाचं हत्यार म्हणजे गाढवाच्या जबड्याचं हाड, आणि किरणांची बंदूक तर मुळातच तशी दिसत होती, तिला हातही लावावा लागला नाही. एका प्राण्याचे तीन डोळे तसेच राहिले, पण पलिष्ट्याला ते खपून जाईल असं लॉनीला वाटलं.

उन्हाळ्यात चर्चमध्ये मुलांची बायबल-शाळा भरे. तिथे हा गेम लागावा ही त्याची इच्छा, आणि त्यासाठी चर्चच्या कारभारी मंडळाची मान्यता हवी. मंडळाचा मुख्य कोण, तर त्याचा सख्खा बाप. सव्वीस वर्षं डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, असलेले हॉलिस टॅकेट घरात पत्त्यांचा जोडसुद्धा येऊ देत नसत. मुलाच्या उद्योगाला ते ‘खोक्याशी खेळणं’ म्हणत. लॉनी चाळिशीला टेकला होता, तरी बापाने एकदा आपल्या कामाकडे नीट बघावं म्हणून त्याचा जीव तळमळत होता.

बुधवारी प्रार्थनेआधी, एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणणाऱ्या सगळ्यांचं चर्चमध्ये एकत्र जेवण होई. तळलेली कोंबडी संपली आणि लॉनीने मंडळाला गेम दाखवायला टीव्ही लावला. शमशोन खड्ड्यात पडून मेला आणि टुणकन पुन्हा उभा राहिला. मंडळातल्या, संडे स्कूल चालवणाऱ्या सिस्टर ओझेल यांचा केळ्याच्या पुडिंगचा चमचा तोंडाशीच थांबला. माणसाला एकदाच मरण नेमलेलं आहे, असं शास्त्र सांगतं, मग हा तीनदा कसा मरतो, असं त्यांनी विचारलं. लॉनीने निमूटपणे तीन जिवांचा एक केला.

खरं घोडं अडलं ते दुसऱ्या बुधवारी. पडद्यावर वरच्या बाजूला ‘विश्वास’ अशी एक पट्टी होती. पलिष्ट्याने टोला हाणला की ती आखडे.

“थांबव,” हॉलिस म्हणाले. “हे काय कमी झालं?”

“विश्वास, बाबा. मार बसला की घटतो.”

किराणावाले डीकन यूबँक्स हळूच म्हणाले, “अहो, हे तर मेथडिस्टांचं झालं.”

देवाकडून एकदा तारण मिळालं की ते कधीच जात नाही, ही बाप्टिस्टांची ठाम श्रद्धा. माणूस घसरून ते गमावू शकतो म्हणणाऱ्या मेथडिस्टांचं चर्च रस्त्याच्या पलीकडे. एवढ्यावरून हॉलिस तीस वर्षं मेथडिस्ट झालेल्या सख्ख्या भावाच्या चर्चची पायरी चढले नव्हते, त्याच्या लग्नालासुद्धा नाही.

आठवडाभर डोकं फोडून लॉनीने पट्टी अढळ केली. तिसऱ्या बुधवारी पलिष्ट्यांनी शमशोनाला मनसोक्त बडवलं, पण त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. खड्ड्यात पडला तरी तो फिरायला निघाल्यासारखा चालत वर आला. सिस्टर ओझेल यांनी मान्यतेचा हात वर केला, यूबँक्स यांनीही केला.

“आण इकडे,” हॉलिस म्हणाले आणि त्यांनी खेळ चालवायची बटणांची कळपट्टी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. दहा मिनिटं ते खेळले. कंटाळून त्यांचं तोंड लांब लांब होत गेलं.

“मागच्या बुधवारचं आणलंयस का?”

लॉनीने खिशातून जुना गेम काढून लावला. पहिल्या टोल्याला पट्टी घटली, तसे हॉलिस खुर्चीच्या कडेला सरकले. दुसऱ्याला त्यांनी कोट काढला. तिसऱ्याला ते उभेच राहिले आणि मोठ्याने देवाचा धावा करू लागले. शमशोन मेला. त्यांनी पुन्हा सुरू केलं, तो पुन्हा मेला. सिस्टर ओझेल पुडिंग टाकून मागे येऊन उभ्या राहिल्या आणि उडी कधी मारायची ते ओरडून सांगू लागल्या. त्यांचं ऐकून तो आणखी लवकर मेला.

“ब्रदर हॉलिस, हा मेथडिस्टांचा आहे,” यूबँक्स यांनी आठवण करून दिली.

हॉलिसनी पडद्यावरची नजर हलवली नाही. “माहितीये मला. पण उडी मारताना देव आठवतो तो ह्याच्यातच. हाच लावू शाळेत.” मग त्यांनी शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली. “लॉनी, ये, बस इथे. हा खड्डा कसा ओलांडायचा ते शिकव मला.”

बापाने त्याला आजवर कधीच काही शिकवायला सांगितलं नव्हतं. लॉनीने कळपट्टी हातात घेतली, पण डोळे इतके भरून आले होते की स्वतःच बनवलेल्या त्या पहिल्याच खड्ड्यात तो पडला.