नियम सात आणि सुकेळीबाई

कुणी बोलायला लागलं की सुकेळीबाई उजव्या हाताची तीन बोटं टेबलावर टेकवायच्या. पहिलं बोट उचललं गेलं, म्हणजे तुमची प्रस्तावना संपली. दुसरं उचललं, म्हणजे म्हणी, उपमा आणि स्वतःचं कौतुक संपलं. तिसरं उचललं की हात हवेत आणि एकच शब्द: "मुद्दा?" त्या हातापुढे मी एकदाही टिकलो नाही. आणि मी काही ऐरागैरा बोलणारा नव्हे. या नोकरीआधी पंधरा वर्षं लग्नांच्या स्वागतसमारंभांत सूत्रसंचालन केलंय. नवरीचा मेकअप लांबला म्हणून सहाशे उपाशी माणसं मी निव्वळ जिभेवर तासभर बसवून ठेवली आहेत. बाईंनी मला दीड मिनिटात बसवलं.

आमचं ऑफिस बोळिंजला, एका संकुलाच्या पहिल्या मजल्यावर. खाली केकचं दुकान, त्यामुळे दिवसभर व्हॅनिलाचा वास आणि कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाची गडबड. आमचं काम सांगायला सोपं होतं. प्रश्न विचारला की माणसासारखं उत्तर देणारी जी यंत्रं आता सगळ्यांच्या फोनात जाऊन बसली आहेत, त्यांना एका वेळी किती मजकूर वाचायला द्यावा याला मर्यादा असते. मर्यादेत बसवूनही फार दिला, तर त्यांचं लक्ष उडतं आणि नेमकं मधल्या पानांवरचं निसटतं. म्हणून मोठ्या यंत्राच्या आधी एक छोटं यंत्र बसवायचं. त्याने कागदांचा ढीग वाचायचा, प्रश्नाशी संबंध असलेल्या ओळी ठेवायच्या, बाकीच्या गाळायच्या आणि निघालेला रस मोठ्या यंत्राला पाजायचा. या छोट्या यंत्राला आम्ही चरक म्हणायचो. चरकाला शिकवायला माणसं लागतात. ती नमुन्याच्या कागदांवर ओळीओळीला 'ठेव' किंवा 'गाळ' अशी खूण करतात. सुकेळीबाई या माणसांच्या प्रमुख. त्यांच्या सहीशिवाय एकही नमुना चरकात जायचा नाही.

बाईंचं आधीचं सगळं आयुष्य एका सरकारी कचेरीत टिपण्या लिहिण्यात गेलं होतं. दोनशे पानांची फाइल असो, वर बाईंच्या हातची अर्ध्या पानाची टिपणी. आमच्या मालकाने, म्हणजे निनादने, पहिल्या दिवशी त्यांना पडद्यावर चित्रं दाखवून तासभर सगळं समजावलं. निनाद तिशीही न गाठलेला, हुशार, सदा घाईत. बाईंची तीनही बोटं उचलून झाली होती, तरी तो बोलतच होता. शेवटी बाई म्हणाल्या, "म्हणजे हा पण साहेबच की रे! फाइल वाचायची नाही, टिपणी वाचायची आणि ठणकावून निर्णय द्यायचा. अशा साहेबांना मी तीस वर्षं पोसलंय."

"एक्झॅक्टली, काकू!" निनाद खूश झाला.

"खूश होऊ नकोस. टिपणीत जे नाही, ते साहेबाच्या जगात नाही. मग चूक साहेबाची नसते, आपली असते."

सुकेळीबाई हे नाव मी ठेवलेलं. बाईंची वसईला वाडी होती आणि तिथे राजेळी केळी. पिकलेली केळी सोलून उन्हात मांडवावर दिवसचे दिवस वाळवायची, की त्यांची मधाच्या रंगाची सुकेळी होतात. वाळलेल्या पानात गुंडाळलेली ती जुडी रोज चार वाजता बाईंच्या पिशवीतून निघायची, आणि त्या दिवशी ज्याच्या खुणा सर्वांत चोख त्याला एक सुकेळं मिळायचं. एकच. मला कायम वासावरच भागवावं लागलं. नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मी कपाटामागे लपायच्या बेतात होतो. बाई म्हणाल्या, "नाव बरं आहे. फक्त दिवसातून तीनदा पुकारू नकोस, एका हाकेत काम होतं."

निनादचा हुकूम होता की कुठलाही मजकूर आटवून दहावा हिस्सा करायचा. बाईंनी तो हुकूम पहिल्या आठवड्यातच मोडला. "दहावा कुणी ठरवला? प्रश्नाने की तू?" असं म्हणून त्यांनी सोसायटीची एक नोटीस दोन मुलींना दिली. एकीला प्रश्न दिला, 'लिफ्ट कधी बंद राहणार?' दुसरीला दिला, 'लिफ्टमधून कुत्रा नेता येतो का?' दोघींनी ठेवलेल्या ओळींत एकही ओळ समान निघाली नाही. बाईंनी दोन्ही कागद निनादच्या नाकासमोर धरले. "नोटीस एकच. पण विचारणारा बदलला की महत्त्वाचं बदलतं. आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघ, मग कापायला घे."

"पण काकू, साइज तर कमी व्हायलाच पाहिजे ना!"

"होईल की. सुकेळी करताना आम्ही केळं चिरत नाही, त्यातलं पाणी जाऊ देतो. चार घास आधी होते, दोन उरतात, पण केळं अख्खं असतं. तुझा दहावा हिस्सा म्हणजे एका केळ्याच्या दहा चकत्यांतली एक चकती."

आता माझ्या पापाकडे येतो. लिहिण्याचा हात बरा म्हणून ऑफिसची नियमावली निनादने माझ्याकडून लिहून घेतली होती. काय ठेवावं, काय गाळावं, असे एकूण बारा नियम. त्यांतला सातवा असा: लग्न, बारशी, नातीगोती, जुन्या आठवणी असा घरगुती मजकूर प्रश्नाशी संबंधित नसतो, तो गाळावा. ज्या माणसाने पंधरा वर्षं लग्नांवर पोट भरलं त्यानेच हे लिहावं! पण नियम वाचायला झकास वाटत होता आणि चरकाने तो पाठ केला होता.

नायगावच्या खाडीकडच्या एका मोठ्या संकुलाचं काम आमच्याकडे आलं. रहिवाशांनी फोनवर विचारायचं, यंत्राने सोसायटीच्या कागदांतून उत्तर द्यायचं. शुक्रवारी त्यांच्या सेक्रेटरींना ते चालवून दाखवायचं होतं. बुधवारी शेवटची चाचणी होती आणि त्यात खुद्द सेक्रेटरींनी पाठवलेला प्रश्न होता: 'सी विंगच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी पाळणाघर बांधायचं आहे. तिथे पाणी भरतं का?' चरकाने चारशे पानं पिळली, मोठ्या यंत्राने रस प्यायला आणि साहेबी थाटात सांगितलं: 'उपलब्ध कागदांत त्या जागेत पाणी भरल्याची कोणतीही नोंद नाही.'

निनादने टाळी वाजवली. बाईंनी मात्र चरकाने गाळलेला चोथा मागवला. चोथा वाचणं ही त्यांची जुनी खोड होती. दीड तासाने त्यांनी मला हाक मारली आणि एका पत्रावर बोट ठेवलं. संकुल उभं राहण्याआधी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने बांधकामवाल्यांना लिहिलेलं पत्र. तीन पानं नुसती कौटुंबिक हकिगत: कोण कुणाचा मेहुणा, कुणाची रेडी कुणी विकली. आणि मध्येच ही ओळ होती: 'चिंचेखाली आमच्या काकाचं लगीन झालं तवा उधानाचं पानी एवढं होतं का वऱ्हाड होडीतून आलं नि होडी मांडवाच्या खांबाला बांधली.'

"आता नकाशा बघ," बाई म्हणाल्या. जुन्या नकाशात ते चिंचेचं झाड सी विंगच्या बरोबर मागे होतं.

चरकाने ती ओळ नियम सातखाली गाळली होती. लग्न, काका, आठवण. माझा नियम तंतोतंत पाळला होता बिचाऱ्याने.

निनाद कपाळाला हात लावून म्हणाला, "काकू, एका ओळीसाठी सगळं ट्रेनिंग परत? शुक्रवार गेला तर क्लायंट गेला. आत्ता सही करा, नंतर बघू."

"ओळ एकच आहे. होडी पण एकच होती."

"ती पन्नास वर्षांपूर्वीची लग्नाची गोष्ट आहे हो!"

"पाण्याला लग्नाची तारीख कळत नाही, निनाद. वाट कळते."

मग निनादने माझ्याकडे बघितलं. नियमावलीचा लेखक म्हणून माझ्या शब्दाला वजन होतं. आणि वाचकहो, सहाशे माणसांसमोर न अडखळणारा मी काय बोललो असेन? "बाई, सही करून टाका, पुढच्या खेपेला दुरुस्त करू." बाईंनी टेबलावरची तीनही बोटं एकदम उचलली. मुद्दासुद्धा विचारला नाही. पेनाला टोपण लावलं आणि पेन पिशवीत टाकलं. त्यांचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. वाढवायचं की नाही हे निनादच्या हातात होतं आणि हे तिघांनाही ठाऊक होतं.

शुक्रवारी सेक्रेटरी आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ, सोबत पाळणाघराचा रंगीत आराखडा. निनादने बाईंच्या सहीविनाच यंत्र चालवून दाखवलं. तोच प्रश्न, तेच उत्तर. सेक्रेटरी म्हणाले, "वा! म्हणजे पुढच्या महिन्यात पाया घ्यायला हरकत नाही."

मागच्या खुर्चीवरून बाई उठल्या. "एक विचारते. तुमच्या पाळणाघराच्या जागी एका लग्नाचं वऱ्हाड होडीने उतरलं होतं आणि होडी मांडवाच्या खांबाला बांधली होती. हे तुम्हाला उपयोगाचं आहे का, घरगुती आहे?"

सेक्रेटरींनी हळूच आराखडा मिटला. "हे यंत्राने सांगितलं?"

"नाही. यंत्राला सांगू दिलं नाही."

काम गेलं नाही, लांबलं. सेक्रेटरी त्या म्हाताऱ्याला भेटून आले आणि पाळणाघर क्लबहाऊसच्या पहिल्या मजल्यावर गेलं. पण पाहुण्यांसमोर झालेला अपमान निनादला गिळता आला नाही. बाईंचं कंत्राट वाढलं नाही. ते सांगताना तो खाली बघत होता. बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "वाईट वाटून घेऊ नकोस रे. पण मला परत बोलावलंस तर मी परत हेच करीन, एवढी टिपणी फाइलला लावून ठेव."

निरोपाला खालून केक आला आणि भाषण अर्थातच माझ्याकडे. मी चार पानं लिहिली. वसईची हवा, केळीच्या बागा, बाईंचा करारी बाणा, सगळं ठासून भरलं होतं. आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर, दोन कोट्यांच्या आड, हळूच एक वाक्य सरकवलं होतं. उभा राहणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आण इकडे." पिशवीतून ते टोपण लावलेलं पेन निघालं. पहिलं पान काट. दुसरं काट. चौथं न वाचताच काट. तिसऱ्या पानावर पेन थांबलं, एका वाक्याखाली रेघ मारली गेली आणि कागद माझ्या हातात परत आला.

"एवढंच वाच."

मी उभा राहिलो. घसा साफ केला. सगळ्यांनी हातातले केक खाली ठेवले, कारण मी उभा राहिलो म्हणजे वेळ लागतो, हे सर्वांना माहीत होतं. मी वाचलं: "नियम सात माझा होता, आणि मी भ्यालो."

निनाद बराच वेळ केकच्या डब्याचं झाकण उघडत आणि लावत राहिला. बाईंनी पिशवी उघडून वाळल्या पानातली जुडी काढली आणि त्यातलं एक सुकेळं माझ्यासमोर ठेवलं. त्या ऑफिसात मला मिळालेलं ते पहिलं.

सोमवारी मी नियम सात खोडला. निनादने काही म्हणायच्या आत सांगून टाकलं की परत घालायचा असेल तर दुसरा लेखक शोध. त्याने शोधला नाही. हल्ली तोही चाचणीच्या दिवशी चोथा मागवतो. मध्ये त्याने बाईंना फोन केला होता, परत या म्हणून. बाई म्हणाल्या, "सध्या उन्हं चांगली आहेत, केळी घातली आहेत," आणि फोन ठेवला.

हा मजकूर त्यांच्याकडे गेला तर पेन निघेल हे मला पक्कं ठाऊक आहे. सहाशे उपाशी माणसं जातील, केकचं दुकान जाईल, लिफ्टमधला कुत्रा जाईल. म्हणूनच मी तो पाठवणार नाही. सगळं ठेवलंय, बाई. तुमचं वऱ्हाड कुठल्या ओळीत उतरलंय ते वाचणाऱ्यांनी शोधावं.