खळ घातलेले मोजे

वडगावच्या त्या विणकर घरात कापडाच्या बाबतीत बायाक्काचा शब्द शेवटचा. तिचं तरुणपण हातमागावर गेलं. आता घरात पॉवरलूम खडखडत असले तरी सूत चिमटीत धरल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नाही. त्यामुळे चाळिशी ओलांडलेली सून भाग्यलक्ष्मी पहाटे बूट घालून पळायला लागली, तेव्हा बायाक्काने दोन भांडणं काढली.

पहिलं पळण्यावरून. ते ती हरली, कारण भाग्यलक्ष्मी सगळं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायची. दिवसभर मागापाशी उभं राहणाऱ्या बाईला ही हौस पुरते तरी कशी, याचं बायाक्काला हळूहळू कौतुकच वाटू लागलं. तोंडाने बोलेल तर ती बायाक्का कसली!

दुसरं भांडण मोज्यांवरून. ‘उन्हाळ्यात सुतीच घालावं’ हा तिचा कायदा. तिच्या आग्रहाखातर भाग्यलक्ष्मी गेल्या मे महिन्यात दहा किलोमीटरच्या शर्यतीत जाड सुती मोजे घालून पळाली. घामाने ते भिजून जड झाले, टाचा सोलल्या, फोड फुटले आणि अर्ध्या वाटेवरून तिला गाडीत घालून आणावं लागलं. तिने सासूला बोल लावला नाही. “फुडल्या वर्षी पुरं पळायचं, आत्ती. मधी बसायचं न्हाय,” एवढंच म्हणाली.

मग खडे बाजारात जाऊन तिने मोजे घेतले, तेही लग्नाची साडी घ्यावी इतक्या चिकित्सेने. उलटे करून बोटांपाशी शिवण टोचते का ते चाचपलं, टाचेला ढिले पडतात का पाहिलं. शेवटी घाम धरून न ठेवणारे, पातळ नायलॉनचे पसंत केले. पळून आली की ते उलटे करून गार पाण्यात धुवायचे आणि सावलीत वाळत घालायचे. तापल्या पत्र्यावर त्यांचा ताण मरतो, असं तिचं म्हणणं. बायाक्काने एकदा गुपचूप एक मोजा चिमटीत धरून पाहिला. सूत नव्हतं, पण वीण देखणी होती.

यंदाच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सून मागावर असताना बायाक्काने मोजे स्वतः धुतले. चुकलं म्हणायची तिला सवय नव्हती, ती असं काहीतरी करायची. आणि जीव लावून धुतलेल्या कापडाला तिने आजवर जे केलं तेच केलं, भाताच्या पेजेची खळ घातली. मोजे वाळून पापडासारखे ताठ झाले. ते तिने सुनेच्या पिशवीत ठेवले आणि सकाळी हट्टाने तिच्याबरोबर मैदानावर गेली.

तिथे मोजे हातात घेताच भाग्यलक्ष्मी थबकली. “आत्ती, खळ घातलासा व्हय?”

“मग? चार लोकांत चुरगाळल्यालं घालतीस?”

“घाम आला की ही चिकटतीया. परत पाय सोलत्यात.”

बायाक्काचा चेहरा उतरला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. दुसरी एखादी तेच मोजे चढवून पळाली असती, नाहीतर सासूच्या नावाने बोटं मोडत बसली असती. भाग्यलक्ष्मी नळावर जाऊन मोजे चोळू लागली. तेवढ्यात शिट्टी झाली आणि सगळे सुटले.

“जा गं, गेली की समदी,” बायाक्का रडकुंडीला आली.

“जाऊ द्यात. मला कुठं पयलं यायचंय? पुरं पळायचंय.”

खळ पुरती निघेपर्यंत ती हलली नाही. बायाक्काने ओले मोजे पदरात गुंडाळून दाबून दाबून पाणी टिपलं. पातळच ते, लवकर सुकले. मग भाग्यलक्ष्मी एकटीच निघाली.

ऊन चढलं. पळून आलेले लोक पोहे खाऊन घरी गेले. मांडववाला कनात सोडायला लागला, तेव्हा बायाक्काने बांबूच धरला. “थांब रं, आमची सून यायची हाय अजून.”

ती आली. सगळ्यांच्या मागून, लालबुंद तोंडाने, पण पळत. रेघ ओलांडून ती जमिनीवर बसली, तशी बायाक्काही समोर बसली आणि सुनेचे पाय तिने आपल्या मांडीवर घेतले.

“आत्ती, नगो. पाय हायत ते.”

“गप बस.”

तिने बूट काढले, मोजे हळूच उतरवले, टाचा पाहिल्या, एकेक बोट वेगळं करून पाहिलं.

“एक बी फोड न्हाय,” ती म्हणाली. सुनेने दोनदा पाय ओढून पाहिले, पण तिने ते सोडले नाहीत.